राजाखाली कोण? पत्त्यांच्या मानपानाचा इतिहास

१/ आखाजीला खान्देशात पत्त्यांचे डाव रंगतात. आमच्या नंदुरबारकडे निंबाच्या सावलीत तीन पत्ती मांडली, की एक वाद हमखास उभा राहतो : कलर मोठा की सिक्वेन्स? वाद किरकोळ वाटतो. पण त्यामागचा प्रश्न जुना आहे. कोणी कोणाच्या वर बसावे, हे ठरवते कोण? #थ्रेड

२/ सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त गंजिफाच्या पत्त्यांचे वर्णन केले. माळवा सुभ्यातील एक सरकार म्हणून आपल्या नंदुरबारची नोंदही याच ग्रंथात आहे.

३/ त्याने वर्णिलेल्या एका संचात १२ रंग आणि प्रत्येकात १२ पत्ते, एकूण १४४. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि १ ते १० अंकांची पाने. रंगांचा आरंभ अश्वपती, गजपती, नरपती असा. म्हणजे घोडदळ, हत्ती आणि पायदळ यांचे स्वामी. अश्वपतीची तुलना दिल्लीच्या बादशहाशी, गजपतीची ओडिशाच्या राजाशी, तर नरपतीची विजापूरच्या सुलतानाशी केली आहे. पत्त्यांच्या जोडात तत्कालीन राजकारणच मांडलेले दिसते!

४/ गंजिफाचे खरे वैशिष्ट्य पुढे आहे. निम्मे रंग ‘बिशबर’, म्हणजे बलवान. त्यांत वजिराखालोखाल दश्शी आणि सर्वांत शेवटी एक्का. उरलेले ‘कमबर’, म्हणजे दुबळे. त्यांत क्रम उलटा : वजिराखालोखाल एक्का आणि तळाला दश्शी. एकाच खेळात तोच एक्का कुठे प्रतिष्ठित, कुठे उपेक्षित!

५/ सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफातही हाच न्याय आहे. १० अवतारांचे १० रंग आणि १२० गोल पत्ते; निम्म्या रंगांत क्रम सुलटा, निम्म्यांत उलटा. शिवाय डावाचा आरंभ दिवसा रामाच्या राजाने, रात्री कृष्णाच्या. अग्रमान कोणाचा, हे वेळेवर ठरते.

६/ आता निंबाखालच्या वादाकडे येऊ. ५२ पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोड्या ३,७४४. जे दुर्मीळ ते मोठे. म्हणून तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो.

७/ पाच पानांच्या पोकरमध्ये मात्र कलर ५,१०८ आणि सिक्वेन्स १०,२००. तिथे कलर दुर्मीळ, म्हणून तोच मोठा. वाद घालणारे दोघेही खरे असू शकतात. फक्त ते वेगवेगळ्या खेळांविषयी बोलत असतात.

८/ मग सारे गणितानेच ठरते का? नाही. तीन पत्तीत ट्रेल ५२ प्रकारे येते, प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारे. दुर्मीळ प्युअर सिक्वेन्स. तरी वरचा मान ट्रेलचा. इथे गणितापेक्षा रूढी प्रबळ ठरली.

९/ उच्च-नीच पत्त्याच्या अंगी नसते. ते खेळणाऱ्यांच्या संमतीत असते. कधी दरबार ते ठरवतो, कधी गणित, कधी केवळ परंपरा. इतिहास वाचतानाही, कोणतीही उतरंड ‘स्वाभाविक’ म्हणून समोर आली, की विचारावे : हा नियम कोणी केला आणि कोणत्या डावासाठी?

१०/ आणि यंदाच्या आखाजीला नियम पाने वाटण्याआधी ठरवून घ्या. पाने उचलल्यावर प्रत्येकाला स्वतःच्या हातातलेच मोठे वाटते.