लसूण : निषेध आणि औषध

आषाढ शुद्ध नवमीला महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत कांद्याची भजीं, भरलें वांगें आणि लसणीची चटणी असा बेत होतो. ‘कांदेनवमी’ हें या तिथीचें रूढ नांव. पुढें दोन दिवसांनीं एकादशी येते, चातुर्मास सुरू होतो, आणि तो पाळणाऱ्या घरांतून कांदा व लसूण हीं दोन्ही चार महिने हद्दपार होतात. परंतु याच समाजांत बाळंतिणीच्या आहारांत लसणीला मानाची जागा आहे, आणि पोटांत वायु धरला असतां वडील माणसें तिचीच आठवण करितात. देवघराजवळ मज्जाव आणि आजाऱ्याच्या खाटेजवळ मान, हा दुहेरी न्याय एकाच कंदाच्या वांट्याला कसा आला? हा प्रश्न केवळ चवीचा नाहीं. धर्माज्ञा आणि रोग्याचा जीव यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हां आपल्या पूर्वजांनीं काय केलें, याचें उत्तर त्यांत दडलेलें आहे.

निषेध जुना आहे यांत शंका नाहीं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्विजांना अभक्ष्य म्हणून जे पदार्थ सांगितले आहेत, त्यांत लशुन म्हणजे लसूण येते. जाणूनबुजून ती खाणारा द्विज पतित होतो, इतका कडक तो नियम आहे. इ. स. च्या पांचव्या शतकाच्या आरंभीं भारतांत आलेला चिनी यात्रेकरू फाहियान याला मध्यदेशांत चांडाळांखेरीज कांदा-लसूण खाणारे लोक आढळले नाहींत. सातव्या शतकांतील ह्युएनत्संगानें तर हे पदार्थ खाणाऱ्याला नगराबाहेर घालवितात, अशी नोंद केली. ज्याच्या तोंडाला लसणीचा वास, त्याला गांवकुसाच्या आंत जागा नाहीं. अन्नावरून माणसाची पायरी ठरविण्याच्या रीतीचें याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

बौद्ध भिक्षुसंघांतहि लसणीला बंदी होती, पण तिचें कारण निराळें होतें. विनयपिटकांत अशी कथा आहे कीं, लसूण खाल्लेला एक भिक्षु, आपल्या वासाचा इतरांना त्रास होऊं नये म्हणून, धर्मोपदेशाच्या वेळीं एकीकडे बसला. ज्या खाण्यानें मनुष्य उपदेशापासून दूर राहतो तें खाणें नको, असें म्हणून बुद्धानें बंदी केली. परंतु पुढें सारिपुत्ताला पोटांतील वायूचा विकार झाला. पूर्वी हा विकार कशानें बरा होत असे, असें मोग्गल्लानानें विचारलें. ‘लसणीनें’ असें उत्तर मिळालें. तेव्हां आजारपणांत लसूण घेण्याची मोकळीक देण्यांत आली. नियम सभेच्या सोयीसाठीं होता. रोग्याच्या गरजेपुढें तो सहज वांकला.

वैदिक परंपरेंतील वैद्यांपुढचा पेंच याहून अवघड होता. चरकसंहितेनें लसूण उष्ण, स्निग्ध आणि जड सांगून कृमि, कुष्ठ, वात व गुल्म यांवर ती गुणकारी म्हटली आहे. ‘रसोन’ या तिच्या दुसऱ्या नांवाची फोड वैद्य ‘रसानें ऊन’ अशी करितात. सहा रसांपैकीं एक आंबट रस तेवढा तिच्यांत नाहीं, बाकीचे पांचहि आहेत, असा त्याचा भावार्थ. इतकें गुणी औषध, आणि समाजांतील वरच्या वर्णांना तें वर्ज्य! मग रोगी ब्राह्मण असेल तर वैद्यानें काय करावें?

या प्रश्नाचें उत्तर एका दूरच्या ठिकाणीं सांपडलें. १८८८ मध्यें काराकोरम खिंडीजवळ डॅलग्लिश नांवाच्या स्कॉटिश व्यापाऱ्याचा खून झाला. खुन्याच्या शोधांत निघालेला हॅमिल्टन बॉवर हा लष्करी अधिकारी १८९० मध्यें मध्य आशियांतील कुचा येथें पोहोंचला, आणि तेथें त्यानें भूर्जपत्रांवर लिहिलेली एक जुनी पोथी विकत घेतली. ती एका बौद्ध स्तूपाच्या अवशेषांतून निघालेली होती. पोथी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे गेली. रुडॉल्फ हॉर्नले या पंडितानें ती वाचून तिचें भाषांतर प्रसिद्ध केलें. आज ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहे. लिपीवरून तिचा काळ साधारणपणें सहाव्या शतकाचा पूर्वार्ध मानतात. भाषा संस्कृत, एकूण सात प्रकरणें, आणि पहिल्याच प्रकरणाचा आरंभ लसणीच्या माहात्म्यानें!

त्या प्रकरणांत काशिराज सुश्रुताला लसणीची उत्पत्ति सांगतो. असुरांच्या राजानें अमृत प्राशन केलें, विष्णूनें त्याचा शिरच्छेद केला, आणि गळ्यांतून जे रक्ताचे थेंब भूमीवर पडले त्यांची लसूण झाली. रक्तापासून जन्मली म्हणून ब्राह्मण ती खात नाहींत. अमृताचा अंश आहे म्हणून ती रोग हरण करिते. एकाच कथेंत निषेध आणि गुण या दोहोंचें मूळ सांगून टाकलें आहे! त्यापुढील युक्ति अधिकच मार्मिक आहे. गाईला तीन रात्री जवळजवळ उपाशी ठेवावें, मग दोन भाग गवत आणि एक भाग लसणीची पात असा चारा घालावा, आणि त्या गाईचें दूध, दहीं, तूप किंवा ताक ब्राह्मणानें सेवन करावें. व्रतहि मोडलें नाहीं, औषधहि पोटांत गेलें. इतरांसाठीं तर थंडीच्या दिवसांत लसणीचा उत्सवच सांगितला आहे. घरांच्या दर्शनी भागांवर व वेशींवर लसणीच्या माळा लावाव्या आणि माणसांनीं त्या अंगावरहि घालाव्या!

या युक्तीला कोणी पळवाट म्हणून हंसेल. पण तिच्यामागें वैद्याची तळमळ आहे. धर्माज्ञा बदलण्याचा अधिकार त्याला नव्हता, आणि रोग्याला तसाच सोडून देणें त्याच्या मनाला पटत नव्हतें. ज्या काळीं लसूण खाणाऱ्याला नगराबाहेर घालवीत, त्याच काळाच्या आसपास त्यानें गाईच्या मुखानें ती घरांत आणिली.

मात्र निषेधाप्रमाणें स्तुतीलाहि सीमा राहिली नाहीं. खोकला, मंदाग्नि, गुल्म, कुष्ठ अशी रोगांची लांबलचक यादी देऊन वर शतायुष्याचें फळहि त्या पोथींत सांगितलें आहे. यांतील खरें किती, हें तपासण्याची साधनें फार उशिरां हातीं आलीं. १९४४ मध्यें अमेरिकेंत कॅव्हॅलिटो आणि बेली या रसायनशास्त्रज्ञांनीं लसणींतून एक जंतुनाशक द्रव्य वेगळें काढलें व त्याला ‘ॲलिसिन’ हें नांव दिलें. गंमत अशी कीं, अखंड पाकळींत हें द्रव्य जवळजवळ नसतेंच. पाकळींत ॲलिइन नांवाचा पदार्थ आणि त्याचें रूपांतर करणारें एक विकर हीं निरनिराळ्या कप्प्यांत राहतात. पाकळी ठेचली किंवा चिरली म्हणजे दोन्ही एकत्र येतात आणि क्षणांत ॲलिसिन तयार होतें. तो उग्र वास त्याचाच. अखंड पाकळी उकळली तर तें विकर आधींच निकामी होतें. जुन्या पोथींत लसूण कुटून, तिचा रस वस्त्रानें गाळून घ्यावयास सांगितलें आहे, त्यामागचें मर्म असें रसायनशाळेंत उलगडलें. स्वयंपाकांत लसूण ठेचल्यावर दहा मिनिटें तशीच ठेवून मग फोडणीला घालावी, या सल्ल्याचेंहि कारण हेंच.

परंतु परीक्षानळींत जंतु मेले म्हणून माणसाचे सर्व रोग बरे होतात असें नव्हे. २००७ मध्यें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांच्या रक्तांत कोलेस्टेरॉल थोडें वाढलेलें होतें अशा १९२ प्रौढांना सहा महिनेपर्यंत कच्ची लसूण, लसणीच्या गोळ्या किंवा नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या. कोलेस्टेरॉलमध्यें म्हणण्यासारखा फरक कोणत्याहि गटांत पडला नाहीं. उलट, वाढलेला रक्तदाब लसणीनें थोडासा उतरतो, असें अनेक लहान प्रयोगांच्या एकत्रित तपासणींत दिसून आलें आहे. तेव्हां ती पथ्याची सोबतीण आहे, वैद्याच्या औषधाची जागा घेणारी नव्हे. शिवाय तिच्यानें रक्त गोठण्यास किंचित् विलंब लागतो. म्हणून रक्त पातळ करण्याचीं औषधें घेणाऱ्यांनीं, किंवा ज्यांची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे त्यांनीं, लसूण मोठ्या प्रमाणांत खाण्यापूर्वीं डॉक्टरांना विचारावें. ठेचलेली कच्ची लसूण कातडीवर बांधली तर भाजल्यासारखे फोड येतात. तान्ह्या मुलाच्या कोवळ्या अंगावर तर ती कधींच बांधूं नये.

मनूनें लसूण निषिद्ध ठरविली ती तिचे गुण तपासून नव्हे, आणि पोथीकारानें तिला अमृत म्हटलें तेंहि मोजमाप करून नव्हे. या दोहोंच्या मध्यें उभा राहिला तो रोगी आणि त्याच्या उशाशीं बसलेला वैद्य. कुचाच्या भूर्जपत्रांवर त्या वैद्याची चतुराई टिकून राहिली आहे. तिच्याबरोबर त्याची रोग्याविषयींची माया घ्यावी, आणि त्याच्या अतिशयोक्तीला मात्र प्रयोगाची चाळण लावावी. इतकें केलें म्हणजे फोडणींतली एक पाकळी निषेधाच्या भीतीनें टाकावी लागत नाहीं, आणि अमृताच्या लोभानें दहाहि खाव्या लागत नाहींत.