तळटीप : क्ले यांचे अखेरचे आजारपण

* ‘कातडी आवळणारा असाध्य रोग’ : चित्रकार पाउल क्ले यांना १९३५ साली हा त्रास सुरू झाला, २९ जून १९४० रोजी स्वित्झर्लंडमधील मुराल्तो येथे ते वारले. हयातीत आजाराला नाव मिळाले नाही. ‘सिस्टेमिक स्क्लेरोसिस’ हे निदान नोंदलेल्या लक्षणांवरून मागाहून केलेले, म्हणून संभाव्यच मानावे.

या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. लहान रक्तवाहिन्या अरुंद होतात. त्वचेत आणि आतल्या अवयवांत चिवट तंतू साचतात. मृत्यू सहसा त्वचेमुळे येत नाही. फुफ्फुसे, हृदय, मूत्रपिंडे कितपत बाधित झाली, यावर आयुष्याची दोरी अवलंबून असते. कडकपणा हातापायांपुरता न राहता धडावर झपाट्याने पसरला, तर पहिली काही वर्षे विशेष जोखमीची.

पूर्वी रक्तदाब एकाएकी भडकून मूत्रपिंडे निकामी होत व रुग्ण दगावत. कॅप्टोप्रिलसारख्या औषधांनी हे चित्र पालटले. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या नोंदींनुसार या विकाराने झालेल्या मृत्यूंत मूत्रपिंडांचा वाटा १९७०च्या दशकात ४२ टक्के होता. २०००च्या सुमारास तो ६ टक्क्यांवर आला. आता मुख्य धोका फुफ्फुसांचा : त्यांतील तंतुमयता आणि त्यांच्या धमन्यांतील वाढलेला रक्तदाब.

म्हणून लेखकाचा ‘असाध्य’ हा शब्द ‘पूर्ण बरा न होणारा’ एवढ्याच अर्थी घ्यावा. क्ले यांची पाच वर्षे हा आजच्या रुग्णांसाठी दंडक नव्हे. — संपा.