बेल्ट क्लिप की होल्स्टर? कमरेला पिस्तूल लावण्याच्या दोन पद्धतींतला खरा फरक

अमेरिकेतल्या बंदुकांच्या रील्समध्ये एक छोटीशी वस्तू तुम्ही पाहिली असेल. पिस्तुलाला कव्हर नाही, होल्स्टर नाही. बाजूला फक्त धातूची एक पातळ पट्टी आणि तिच्यावर पिस्तूल पँटच्या कडेला अडकवलेलं, पेन खिशाला अडकवतो तसं. हीच बेल्ट क्लिप. एवढ्याने भागत असेल तर होल्स्टर कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. आजच्या लेखात मी त्याचंच उत्तर देणार आहे.

बेल्ट क्लिप कशी काम करते?

क्लिप म्हणजे स्प्रिंगसारखी दाब धरणारी पट्टी. काही मॉडेल्सवर ती स्लाइडच्या मागच्या प्लेटच्या जागी बसते, काहींवर स्क्रूने किंवा चिकटपट्टीने. पिस्तूल पँटच्या आत जातं आणि बेल्टवर बाहेरून फक्त क्लिप दिसते. शर्ट वरून सोडला की तीही झाकली जाते.

फायदे खरे आहेत. होल्स्टरची जाडी वाचते, त्यामुळे टी-शर्टखाली फुगवटा कमी दिसतो. वजन जवळजवळ वाढत नाही आणि उन्हाळ्यात कमरेभोवती एक थर कमी होतो.

होल्स्टरची कामं दोन, क्लिपचं एकच

होल्स्टर पिस्तूल जागेवर धरतं, हे पहिलं काम. दुसरं काम जास्त महत्त्वाचं: ते ट्रिगर पूर्ण झाकतं. क्लिप फक्त पहिलं काम करते.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकन फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस. नोव्हेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाइटक्लबमध्ये तो होल्स्टरशिवाय, पँटच्या कमरेत ग्लॉक खोचून गेला होता. पिस्तूल पायाकडे घसरलं. ते पकडायला गेला आणि ट्रिगर दाबला जाऊन गोळी त्याच्याच मांडीत घुसली. न्यूयॉर्कमध्ये त्याच्याकडे वैध परवानाही नव्हता. २००९ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

आता विचार करा. क्लिप असती तर पिस्तूल बहुधा घसरलं नसतं. पण ट्रिगर तेव्हाही उघडाच राहिला असता.

पण पिस्तुलाला सेफ्टी असते ना?

असते, पण ती कशापासून वाचवते ते बघा. ग्लॉकमध्ये तीन अंतर्गत सेफ्टी आहेत. पिस्तूल खाली पडलं तर गोळी सुटू नये हे त्या बघतात. ट्रिगर मात्र नीट मागे ओढला गेला की तिन्ही सेफ्टी सुटतात, कारण त्यांची रचनाच तशी आहे. त्यासाठी लागणारा जोर साधारण अडीच किलोचा. तो बोटाने दिला की शर्टाच्या घडीने किंवा जॅकेटच्या दोरीच्या गाठीने, हे पिस्तुलाला कळत नाही.

म्हणूनच सगळ्यात धोक्याचा क्षण म्हणजे पिस्तूल परत कमरेत ठेवताना. कापड आत ओढलं जातं आणि नळीचं तोंड आपल्याच शरीराकडे असतं.

बाकीचे फरक

- काढून ठेवणं: होल्स्टर पिस्तुलासकट कमरेवरून काढता येतं, ट्रिगर झाकलेलाच राहतो. क्लिप असेल तर उघडं पिस्तूल हाताळावं लागतं.
- स्थिरता: भरलेलं ग्लॉक १९ सुमारे ८५० ग्रॅमचं असतं. बसता-उठता ते क्लिपभोवती फिरू शकतं.
- घाम: धातू थेट कपड्याला आणि अंगाला लागतो. त्वचा घासली जाते, पिस्तुलावर गंज चढू शकतो.

होल्स्टर म्हटलं की सगळं सुरक्षित, असंही नाही. जुनं, मऊ पडलेलं चामडं आत दुमडून ट्रिगर दाबू शकतं. म्हणून कायडेक्स या कडक प्लास्टिकची, त्या-त्या मॉडेलच्या मापाची होल्स्टर्स लोकप्रिय आहेत.

मधला मार्ग आहे का?

आहे. फक्त ट्रिगर गार्ड झाकणारं छोटं कडक कव्हर मिळतं. त्याची दोरी बेल्टला बांधतात; पिस्तूल उपसलं की कव्हर आपोआप निघतं. काही जण चेंबर रिकामं ठेवतात. जड ट्रिगरच्या रिव्हॉल्व्हरवर क्लिपचा धोका कमी होतो, संपत नाही.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. टेक्सासमध्ये २०२१ पासून बऱ्याच प्रौढांना परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते, पण ती थोडीही दिसत असेल तर होल्स्टरमध्येच असावी लागते.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवाना लागतोच. शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच बनवलेल्या तशाच कव्हरमध्ये, पूर्ण झाकलेली असली पाहिजे. म्हणजे नुसती क्लिप भारतात परवानाधारकालाही चालणार नाही.

थोडक्यात

क्लिप पिस्तूल लपवते, होल्स्टर ट्रिगर झाकतं. पुढच्या वेळी असा व्हिडिओ दिसला तर पिस्तूल किती छान लपलंय हे बघू नका. ट्रिगरवर काय आहे ते बघा.