पाणी कुठवर येईल?

गमबूट घालून या. इरलं असेल तर तेही घ्या. छत्रीचा उपयोग नाही, आग्नेयेकडून सुटलेला वारा ती पहिल्याच वळणावर उलटी करील. आज ८ डिसेंबर १८६१, रविवार. तुम्ही कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सॅक्रामेंटोच्या के स्ट्रीटवर उभे आहात. शहर उणंपुरं तेरा वर्षांचं, वस्ती तेरा-चौदा हजारांची. दोन्ही बाजूंना विटांच्या इमारती, त्यांच्यापुढे फळ्यांची पायवाट, आणि मध्ये खेचरांच्या गाड्यांनी राड करून टाकलेला रस्ता. ओल्या लोकरीचा आणि लिदीचा वास येतोय. पाऊस जोरात आहे, पण कोकणातल्या माणसाने दचकावं असा नाही. तो बोचत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. डिसेंबरात इथल्या पावसाने बोचायला हवं.

पश्चिमेला सॅक्रामेंटो नदी, उत्तरेला अमेरिकन नदी, आणि दोघींच्या संगमावर हे गाव. सोन्याच्या खाणींकडे जाणारा माल बोटींतून इथेच उतरतो, म्हणून ते इथे वसलं. १८३९ मध्ये इथे आलेल्या जोहान सटरने आपला किल्ला बांधला तो नदीपासून दूर, उंचवट्यावर. सोन्याच्या घाईत आलेल्यांना तेवढा दम नव्हता. जानेवारी १८५० मध्ये गाव बुडालं. तेव्हा हार्डिन बिगेलो नावाच्या गृहस्थाने बांध घालण्याचा ध्यास घेतला आणि त्याच बळावर तो इथला पहिला महापौर झाला. पुढेही पाणी आलं, बांध वाढत गेले. आता दक्षिणेला आर स्ट्रीटवर मातीचा लांबलचक भराव आहे आणि त्यावरून फॉल्समला जाणारी रेल्वे धावते. गावाचा या मातीवर पूर्ण भरवसा आहे.

उद्या पूर येणार हे तुम्हाला ठाऊक आहे. सांगून बघा कुणाला तरी. दुकानदार तुमच्याकडे आधी वरपासून खालपर्यंत पाहील. १८५० च्या कायद्याने इथले मूळ रहिवासी आणि काळे लोक गोऱ्या माणसाविरुद्ध कोर्टात साक्ष देऊ शकत नाहीत. १८५४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चिनी लोकांनाही त्याच रांगेत बसवलं. एका गोऱ्या माणसाला खुनासाठी शिक्षा झाली होती, साक्षीदार चिनी होते, म्हणून शिक्षाच रद्द झाली. तुमच्या वर्णाचा माणूस या तीनपैकी कुठल्या तरी खणात जाणार. पुरावर बोलायला कोर्ट लागत नाही हे खरं. पण ज्याचं बोलणं कोर्टात चालत नाही, त्याचं बोलणं गल्ल्यावरही फारसं चालत नाही.

सोमवारी सकाळी पाणी आलं ते सगळे डोळे लावून बसले होते त्या पश्चिमेकडून नव्हे. शहराच्या पूर्वेला अमेरिकन नदीचा बांध फुटला आणि लोंढा मागच्या दाराने आत शिरला. लाकडी घरं पायांवरून उठली. तुम्ही मिळेल तो जिना गाठा. वरच्या सज्जातून दक्षिणेकडे पाहिलंत तर अजब दिसेल: आर स्ट्रीटचा भराव जसाच्या तसा आहे. पाणी बाहेर ठेवायला बांधलेल्या भरावाने पाणी आत कोंडलंय. पलीकडची पातळी खाली, शहरातली कित्येक फूट वर. शेवटी बेड्या घातलेल्या कैद्यांची टोळी भराव फोडायला पाठवावी लागली. वाट मिळताच पाणी असं सुटलं की त्या ओढीत तरंगती घरंही भगदाडाकडे खेचली गेली. ज्या भरावासाठी वर्षानुवर्षं पैसा ओतला तो दिवसाढवळ्या फोडताना लोक काय बोलत होते, ते लिहिण्याजोगं नाही.

इथून जरा पूर्वेला, सिएरा नेवाडाच्या उतारावर चला. पावसाचं मूळ तिथे उमगेल. डोंगर आणि समुद्र मिळून पाऊस कसा पाडतात हे आपल्याला सांगायला नको. सह्याद्रीने वारा अडवला, वर चढवला की महाबळेश्वर भिजतं. इथे तेच, पण शिखरं चार हजार मीटरच्या पुढची, आणि ऋतू हिवाळा. एरवी उंचावर बर्फ पडतं, ते वसंतात हळूहळू वितळतं. पुढच्या कोरड्या उन्हाळ्यासाठी डोंगराने ठेवलेली ती मुदत ठेव. या वर्षी नोव्हेंबरात बर्फ भरपूर पडलं. मग हवाईच्या बाजूच्या कोमट समुद्रावरून बाष्पाचा अरुंद, हजारो किलोमीटर लांब पट्टा किनाऱ्याकडे वळला, आणि जिथे बर्फ पडायचं तिथे पाऊस पडू लागला. नवा पाऊस उतरतोय आणि जुनं बर्फही वितळतंय; मुदत एका रात्रीत मोडली. अशा पट्ट्याला वातावरणीय नदी म्हणायची पद्धत १९९० च्या दशकात पडली. नदी हा शब्द इथे अतिशयोक्तीचा नाही. जोरदार पट्टा मिसिसिपीच्या मुखातून वाहणाऱ्या पाण्याच्या सात-आठ पटींनी, कधी पंधरा पटींनीही, बाष्प वाहून आणतो.

तुमच्या पायाखालचा डोंगरही आता डोंगरासारखा राहिलेला नाही. सोन्यासाठी पाण्याचे फवारे मारून कडे कापलेत, जंगल तोडलंय, आणि गाळ सगळा दऱ्यांत लोटलाय. नद्यांचे तळ वर आलेत. याबद्दल गावात कुणी चकार शब्द काढत नाही, कारण गाव त्याच सोन्यावर जगतं.

डिसेंबर सरता सरता चिखल खरवडून दुकानं पुन्हा उघडली. पण पाऊस थांबला नव्हता: एक पट्टा गेला की दुसरा, तो गेला की तिसरा. सॅन फ्रान्सिस्कोत एरवी वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याहून थोडा जास्तच एकट्या जानेवारीत पडला: २४.३६ इंच, म्हणजे ६१९ मिलिमीटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर झेललेल्या मुंबईकराला हा आकडा किरकोळ वाटेल. पण तुमच्या मागे लगेच समुद्र होता. इथल्या मध्यवर्ती खोऱ्याच्या पूर्वेला सिएरा, पश्चिमेला किनाऱ्याचे डोंगर, आणि एवढ्या पाण्याला बाहेर पडायला वाट एकच: कार्किनेझची चिंचोळी सामुद्रधुनी, मग सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर, मग गोल्डन गेट.

जानेवारी लागताच एकदा मेरीजविलच्या बाजूला जाऊन या. तिथली मूळ माणसं, नदीकाठचे निसेनान, आपली घरं सोडून टेकड्यांकडे निघालीत. पोरंबाळं, टोपल्या, म्हातारी माणसं, सगळे. तीस वर्षांत आलं नाही एवढं पाणी येणार, असं त्यांनी गोऱ्या शेजाऱ्यांना सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, झाडांवर आणि घरांवर उंच बोट दाखवून पाणी कुठवर येईल हेही दाखवलं. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार पाहिलेल्यांना यात चमत्कार वाटणार नाही. नदीशेजारी पिढ्यानपिढ्या राहणाऱ्याला तिची पायरी न् पायरी पाठ असते. नेवाडा सिटीच्या वर्तमानपत्राने ही बातमी छापली ११ जानेवारीला. ती माणसं निघून गेल्याला तेव्हा आठवडा उलटला होता. हा सल्ला होता, तो छापला मात्र गंमत म्हणून, अशी माझी तरी समजूत आहे.

त्याच्या आदल्या दिवशी, १० जानेवारीला, सॅक्रामेंटोत परत या. चुकवू नका. नवे गव्हर्नर लीलंड स्टॅनफर्ड यांचा शपथविधी आहे. किराण्याचे मोठे व्यापारी, सहा महिन्यांपूर्वी स्थापन झालेल्या सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष, आणि आज वल्ह्यांच्या होडीतून शपथ घ्यायला निघालेले. पाणी तासाला फूटभर चढतंय, सोहळा घाईघाईने उरकला जातो. भाषण ऐका. आशियातून या किनाऱ्यावर गाळसाळ येते, त्या हीन वंशाची वस्ती इथे होऊ देऊ नये, असं ते बजावतात. तीन-चार वर्षांतच त्यांचीच रेल्वे सिएरातून बोगदे खोदायला हजारो चिनी मजूर लावील. पण आज ते होडीत बसून घरी परततात, आणि सांगतात की वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरावं लागलं. नदी नीचतम पातळीच्या चोवीस फूट वर आहे.

यानंतर पाहायचं ते जमिनीवरून दिसत नाही. वाफेची बोट पकडा. राज्याच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणातला वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम ब्रुअर त्या दिवसांत भावाला पत्रं लिहीत होता. त्याच्या अंदाजाने बुडालेला पट्टा अडीचशे ते तीनशे मैल लांब आणि सरासरी वीस मैल रुंद. मुंबईपासून जवळजवळ सावंतवाडीपर्यंत तांबूस पाणी, आडवं तीस-बत्तीस किलोमीटर. बोटी नदीचं पात्र सोडून शेतांवरून चालल्यात, गुरं उचलून टेकड्यांवर नेतायत. तारायंत्राची लाइन ऑक्टोबरातच देशभर जोडून झाली होती. तिचे खांब आता शेंड्यापर्यंत पाण्यात आहेत. आणि वारा. एवढ्या उघड्या पाण्यावर दक्षिणेचा वारा सुटला की समुद्रासारख्या लाटा उठतात. पुरात तगलेली शेतघरं त्या लाटांनी आपटून आपटून फोडली. पूर आला की आपण पातळी मोजतो. इथे मारेकरी निम्मा वाराच होता. अंदाजे दोन लाख गुरं मेली. माणसं किती, याचा पक्का हिशेब नाही, आणि तो नसण्याचं कारण नदीतल्या वाळूच्या पट्ट्यांवर दिसतं. चांगल्या जागा गोऱ्यांनी घेतल्यावर उरलेल्या वाळूत चिनी खाणकामगारांच्या झोपड्या होत्या. वर्तमानपत्रांत त्यांच्या मरणाचे ढोबळ आकडे येत राहिले. नावं आली नाहीत.

दक्षिणेला आग्वा मान्साला जायला वेळ काढा. सांता आना नदीकाठी कच्च्या विटांचं हे गाव न्यू मेक्सिकोहून आलेल्या लोकांनी वसवलेलं. २२ जानेवारीच्या रात्री पाण्याचा आवाज ऐकून पाद्रीने चर्चची घंटा बडवायला घेतली. लोक मुलांना काखोटीला मारून उंचावर पळाले. कच्ची वीट पाण्यात विरघळते. सकाळी चर्च आणि कॉर्नेलियस जेन्सन या व्यापाऱ्याचं घर एवढंच उभं होतं. जीव मात्र एकाचाही गेला नाही. एवढ्या सगळ्या हिवाळ्यात सांगितलेलं लगेच ऐकलं गेल्याचा प्रसंग हाच.

त्याच सुमाराला विधिमंडळाने बाडबिस्तरा गुंडाळून सॅन फ्रान्सिस्को गाठलं. राज्याची तिजोरी रिकामी, आमदारांचे पगार थकलेले, ब्रुअरच्या खात्याचेही. पुढची दोन-अडीच वर्षं दुष्काळ पडला आणि पुरातून वाचलेली गुरं तहानेने गेली. मोठ्या कुरणदारांचा काळ तिथेच संपत आला, जमिनी गव्हाखाली आल्या. सॅक्रामेंटो मात्र हटलं नाही. लोकांनी रस्ते भर घालून उचलले, विटांच्या इमारती स्क्रू-जॅकवर अंगुळ अंगुळ वर चढवल्या, अमेरिकन नदीचं मुखच सरकवलं. खर्च ज्याचा त्याने करायचा. ज्यांना परवडलं नाही, त्यांचा तळमजला तळघर झाला. स्टॅनफर्डनीही पुढे आपलं घर एक मजला उचलून घेतलं. या सगळ्या हिकमतीची मी मनापासून तारीफ करतो. फक्त एवढी मेहनत करणाऱ्यांपैकी कुणी टेकडीवर जाऊन त्या निसेनान लोकांना काही विचारलं, असं कुठे वाचनात आलं नाही.

त्यांचा जबाब आता दुसऱ्या ठिकाणी मिळतो. सांता बार्बराजवळ समुद्रतळाच्या गाळात महापुरांचे थर आहेत, आणि १८६१ सारखे पूर साधारण दोनशे वर्षांनी येत राहिल्याचं ते दाखवतात. २०११ मध्ये अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाने तसंच वादळ आज आलं तर काय, याचा हिशेब मांडला: सुमारे ७२५ अब्ज डॉलर. हवा तापली की ती जास्त बाष्प धरते, म्हणून २०२२ च्या नव्या अभ्यासात धोका आणखी वाढलेला दिसला.

परतीचा थांबा नाटोमास. दोन नद्यांच्या मधलं हे सखल मैदान आज सॅक्रामेंटोचं उपनगर आहे. विमानतळ इथलाच, आणि या परिसरात नोकरीसाठी आलेल्या मराठी मंडळींची घरंही आहेत. वर फॉल्समला धरण आहे, पश्चिमेला पुराचं पाणी वळवायला योलो बायपास आहे. तरीही बांध कमकुवत ठरले म्हणून २००८ च्या अखेरीस नाटोमासमधली नवी बांधकामं थांबली. बांधांची डागडुजी सुरू झाली, २०१५ मध्ये परवानगी पुन्हा मिळाली, आणि पाया खणायला यंत्रं आली. गमबूट इथे काढून ठेवायला हरकत नाही.