पोलिओचे दोन थेंब आणि पश्चिम उत्तर प्रदेशातील बंद दारे

भारतातून पोलिओ गेला, ही गोष्ट आपल्याला दोन तारखांत सांगितली जाते. शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या भागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र दिले. त्याआधीच्या दहा वर्षांत काय चालले होते, ते पाठ्यपुस्तकांत फारसे येत नाही. या टिपणात आपण ती दहा वर्षे पाहू, आणि मुख्यतः मुरादाबाद-मुझफ्फरनगरच्या बाजूचा पश्चिम उत्तर प्रदेश पाहू.

पल्स पोलिओ मोहीम देशभर डिसेंबर 1995 मध्ये सुरू झाली. आधी पालक मुलांना बूथवर आणत. 1999 पासून पथके घरोघरी जाऊ लागली. रुग्ण घटत गेले. मग 2002 साली उसळी आली. देशात 1,600 रुग्ण, त्यांतले 1,242 एकट्या उत्तर प्रदेशात. राज्यात मुस्लिमांची वस्ती पाचव्या हिश्श्याहून कमी, पण लुळ्या पडलेल्या मुलांत निम्म्याहून जास्त मुले मुस्लिम घरांतली होती. या थेंबांनी मुले पुढे वांझ होतात, सरकारला आमची संख्या कमी करायची आहे, अशी बोलवा गल्लोगल्ली होती. पथक आले की दार लागे, किंवा मूल मामाकडे गेले आहे असे उत्तर मिळे.

याला 'अज्ञान' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून तारखा जुळवाव्यात. आणीबाणीत 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या कितीतरी सक्तीने किंवा दबावाखाली. 18 ऑक्टोबर 1976 रोजी मुझफ्फरनगरमध्ये याच सक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर आले, तेव्हा गोळीबार झाला आणि माणसे मेली. त्या वेळी विशीत असलेली बाई 2002 मध्ये घरातली आजी होती, आणि नातवाला डोस द्यायचा की नाही यात तिचा शब्द चाले. सरकारी माणूस घरी येतो, तो फुकट काही देतो आणि त्याचा संबंध मूल होण्याशी असतो, हा तिचा अनुभव होता. अफवेला कोरडे गवत मिळाले होते.

दुसरी तक्रार साधी होती. दवाखान्यात डॉक्टर नाही, गटार दारातून वाहते, पोर जुलाबाने जाते तेव्हा कोणी फिरकत नाही. मग या एकाच रोगासाठी पुन्हा पुन्हा दार का ठोठावता? काही गावांनी तर रस्ता आणि वीज द्या, मग थेंब पाजू, अशी अट घातली. माझ्या मते हा प्रश्न अफवेपेक्षा जड होता, कारण तो खरा होता. शिवाय या भागात दाट वस्ती, अस्वच्छ पाणी आणि सततचे जुलाब यांमुळे तोंडावाटे दिलेल्या लसीचा एक डोस देशाच्या इतर भागांपेक्षा कमी काम करी. अनेक डोस घेतलेले मूलही कधी आजारी पडे. शेजारणीला ते दिसत होतेच.

दूरचित्रवाणीवर तेव्हा अमिताभ बच्चन लोकांना रागावून डोस द्यायला सांगत. त्याचा उपयोग नव्हता असे नाही. पण आजीला पडद्यावरच्या माणसाला उलट प्रश्न विचारता येत नव्हता.

तो विचारता येईल अशी व्यवस्था युनिसेफ आणि काही स्वयंसेवी संस्थांनी याच काळात उभी केली. तिचे नाव सोशल मोबिलायझेशन नेटवर्क. नाव जड आहे, काम गल्लीतले. सुमारे 500 घरांमागे त्याच मोहल्ल्यातली एक कार्यकर्ती, बहुधा बाई. ती दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांतही घरी जाई. पुरुष कर्मचारी उंबऱ्यावर थांबे तिथे ती थेट चुलीपाशी बसे. कोणाकडे बाळंतपण झाले, कोणते मूल आजोळी गेले, कोणत्या सासूचा विरोध आहे, हे सारे तिच्या वहीत असे. फेरीच्या दिवशी घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला तर दारावर खडूने 'पी' लिहीत, एक जरी राहिले तर 'एक्स'. 'एक्स'च्या घरी दुसऱ्यांदा जाताना सोबत घरच्यांचा मान असलेले कोणी नेत: मौलवी, मदरशाचे शिक्षक, गावातले डॉक्टर, कधी नुसता जुना शेजारी. जामिया मिलिया, जामिया हमदर्द आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठातली माणसेही या कामात उतरली. मशिदीच्या भोंग्यावरून बूथची घोषणा होऊ लागली. मुलांच्या 'बुलावा टोल्या' गल्लीत हाका देत फिरत.

अभियांत्रिकी शिकणाऱ्यांना यात फीडबॅक लूप दिसेल. तो होताच. नकाराचे कारण वहीतून वर जाई आणि पुढच्या फेरीची आखणी त्यावर होई. फक्त इथला सेन्सर चहा पिऊन, ऐकून घेऊन परत येणारी बाई होती, आणि तिला मिळणारे मानधन तुटपुंजे होते. पोलिओच्या इतिहासात लस बनवणाऱ्यांची नावे येतात. हिचे येत नाही.

त्या 'खऱ्या' प्रश्नाला उत्तर मिळायला मात्र उशीर झाला. 2009 साली उत्तर प्रदेशातले 66 आणि बिहारमधले 41 असे सर्वाधिक धोक्याचे 107 तालुके निवडले गेले, आणि तिथे थेंबांबरोबर हात धुणे, स्तनपान, जुलाबावर ओआरएस आणि झिंक यांवरही काम सुरू झाले. जानेवारी 2010 पासून दोन प्रकारच्या विषाणूंवर चालणारी नवी लस आली. 2009 मध्ये देशात 741 रुग्ण होते. 2010 मध्ये 42, आणि 2011 मध्ये एक. यातले श्रेय नव्या लसीला किती आणि उघडलेल्या दारांना किती, हे वेगळे काढता येत नाही. बंद दाराआड मात्र चांगली लसही बाटलीतच राहिली असती.

हावड्यातल्या त्या शेवटच्या मुलीला पोलिओचा एकही डोस मिळालेला नव्हता. उत्तर प्रदेशातल्या कार्यकर्तींच्या वह्या पुढेही चालू राहिल्या. पोलिओशेजारी त्यांत गोवर आणि इतर लसींच्या तारखाही येऊ लागल्या.