दूधआई: वऱ्हाड आणि महाराष्ट्रातील एक जुने नाते

दुसरीचे बाळ अंगावर पाजणाऱ्या बाईला मराठीत दूधआई म्हणतात. तिची मुले त्या बाळाचे दूधभाऊ आणि दूधबहिणी. आई बाळंतपणात दगावली, अंथरुणाला खिळली किंवा तिचे दूध आटले, तर गाई-शेळीच्या दुधावर तान्ह्याचा निभाव लागणे कठीण असे. अशा वेळी आसपासची ओली बाळंतीण शोधली जाई.

जनावरांतही ही सोय माणूस करून देतो. सशाच्या मादीला बहुधा आठ ते दहा सड असतात. पिल्ले त्याहून जास्त झाली, की जादाची पिल्ले त्याच सुमारास व्यालेल्या दुसऱ्या मादीच्या घरट्यात ठेवतात. मादी दिवसातून साधारण एकदाच, काही मिनिटे पाजते. नव्या पिल्लांना तिच्या घरट्यातली लव चोळली, की ती सहसा खपून जातात. मेंढी मात्र पोटचे कोकरू वासाने ओळखते आणि परके आले तर ढुशी मारून हाकलते. म्हणून तिच्या मेलेल्या कोकराचे कातडे पोरक्या कोकराच्या अंगावर चढवतात. ओळखीचा वास आला की ती त्याला लुचू देते.

माणसांत दूधआई पारखून घेण्याचे नियम जुने आहेत. चरकसंहितेच्या शारीरस्थानात धात्री निरोगी, तरुण, भरपूर दुधाची आणि जिचे स्वतःचे मूल जिवंत आहे अशी असावी, असे सांगितले आहे. दुधाची परीक्षाही दिली आहे: शुद्ध दूध पाण्यात टाकले तर पूर्ण मिसळून जाते.

मोगल दरबारात या नात्याला राजकीय वजन आले. दूधआईला अनगा, तिच्या नवऱ्याला अतगा आणि मुलाला कोका म्हणत. अकबराची दूधआई जीजी अनगा हिचा मुलगा मिर्झा अजीज कोका याला पुढे खान-ए-आझम हा किताब मिळाला. त्याची आगळीक अकबर दुधाच्या नात्याखातर पोटात घाली. वऱ्हाडचा या दूधभावाशी थेट संबंध आला. पैनगंगेच्या उगमाकडील देऊळघाटापासून पूर्वेकडे पसरलेला हा मुलूख 1574 पासून अहमदनगरच्या निजामशाहीकडे होता. 1586 मध्ये अजीज कोका माळव्यातून वऱ्हाडात उतरला, एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर लुटले आणि मुलूख ताब्यात न ठेवताच माघारी फिरला. वऱ्हाड मोगलांना मिळाला तो 1596 मध्ये, अहमदनगरच्या चांदबिबीशी झालेल्या तहाने.

मराठी इतिहासातली सर्वांत परिचित दूधआई म्हणजे धाराऊ. संभाजीराजांचा जन्म 14 मे 1657 रोजी पुरंदरावर झाला. आई सईबाईंची प्रकृती ढासळल्याने तान्ह्या राजपुत्राला पाजण्यासाठी गडाजवळच्या कापूरहोळ गावच्या गाडे पाटलांच्या घरातील धाराऊंना आणण्यात आले. सईबाई 5 सप्टेंबर 1659 रोजी राजगडावर वारल्या. त्यानंतर नातवाचा सांभाळ केला तो जिजाबाईंनी. त्यांचे माहेर आजच्या बुलढाणा जिल्ह्यातले सिंदखेड राजा. धाराऊंचे मुलगे पुढे राजांच्या चाकरीत राहिले, असे परंपरा सांगते.

मुसलमान समाजात हे नाते धर्मशास्त्रानेच बांधलेले आहे. कुराणाच्या चौथ्या सुऱ्यात विवाहास वर्ज्य स्त्रियांमध्ये दूधआई आणि दूधबहीण यांचा उल्लेख येतो. म्हणून कोणत्या बाळाला कोणी पाजले, ही आठवण घराघरात जपावी लागे. ती विसरली तर पुढे सोयरीक जुळवताना पंचाईत होई.

बाटली आणि दुधाची भुकटी आल्यावर दूधआईची गरज ओसरली. मात्र अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या दुधाची उणीव भासतच राहिली. 1989 मध्ये मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अशा पेढीत दात्या मातांची तपासणी होते आणि दूध 62.5 अंश सेल्सिअसवर 30 मिनिटे तापवून निर्जंतुक केले जाते. बऱ्याचदा अनेक मातांचे दूध एकत्र केलेले असते, त्यामुळे कोणाचे दूध कोणाला गेले हे कळत नाही. काही मुस्लिम धर्मशास्त्रज्ञांनी पेढ्यांवर आक्षेप घेतला तो याच कारणाने.