ट्रॉलीचे मडगार्ड आणि मागचा दिवा

नंदुरबार / प्रतिनिधी

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या नंदुरबार जिल्ह्यात शेतमालाच्या वाहतुकीची भिस्त प्रामुख्याने ट्रॅक्टर-ट्रॉलीवर आहे. शहादा तालुक्यात पुरुषोत्तमनगर आणि नवापूर तालुक्यात डोकारे येथे साखर कारखाने उभे राहिल्यानंतर रात्रीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या नित्याच्या झाल्या. मागचा दिवा बंद असलेली ट्रॉली अंधारात मागून येणाऱ्या वाहनचालकाला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. दिवा विझण्यास दर वेळी बल्बच कारणीभूत असतो असे नाही. चाकाने उडवलेल्या चिखल-खडीने सोलून निघालेली तळाची वायर हेही त्यामागचे कारण असते. त्यामुळे मडगार्ड आणि वायरिंग ही कामे वेगवेगळी न मानता एकत्रच करावीत.

मडगार्ड गावातील कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात तयार होऊ शकते. त्यासाठी २ मिलिमीटर जाडीचा साधा लोखंडी पत्रा योग्य. पातळ पत्रा हादऱ्यांनी बोल्टच्या छिद्रापाशी चिरतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वेल्डिंग करताना विषारी धूर सोडतो, म्हणून जोडाच्या जागी मुलामा घासून काढावा आणि काम उघड्यावर करावे. टायरची उंची ९० सेंटिमीटर आणि वर १० सेंटिमीटर मोकळी जागा धरली, तर अर्धवर्तुळासाठी सुमारे पावणेदोन मीटर लांबीची पट्टी लागते. ही मोकळी जागा कमी करण्याचा मोह टाळावा. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात टायरला थरावर थर चिकटत जाते आणि अरुंद फटीत चाकच अडकते. ट्रॉलीला पाटे असतील, तर भरल्यावर हौद जेवढा खाली बसतो तेवढे अंतर आणखी ठेवावे लागते. चिखल टायरच्या मागच्या अंगाने वर फेकला जातो. साहजिकच पत्र्याची मागची बाजू पुढच्यापेक्षा खाली उतरवून तिला रबरी पडदा लावणे फायद्याचे. कडेला ६ मिलिमीटरची सळई वेल्ड केल्यास धार राहत नाही व पत्रा ताठ होतो. मडगार्ड अँगलवर बोल्टने बसवावे, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी ते सोडवता येते. नोंदणी पुस्तकातील रुंदी मात्र त्यामुळे ओलांडली जाऊ नये.

वेल्डिंग संपल्यावरच वायरिंगला हात घालावा. वेल्डिंगच्या वेळी ट्रॅक्टरशी असलेली विद्युत जोडणी काढून ठेवावी आणि मशीनचा अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावावा. अन्यथा प्रवाह चाकाच्या बेअरिंगमधून जाऊन ते खराब होण्याचा धोका असतो.

ट्रॅक्टरची विद्युत यंत्रणा सामान्यतः १२ व्होल्टची असते. २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. त्यामुळे दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते, पण सर्वांचा परतीचा प्रवाह वाहणारी अर्थची वायर २.५ची असावी. खरी गफलत येथेच होते. अनेक ट्रॉल्यांना अर्थची स्वतंत्र वायरच नसते, प्रवाह हूक आणि पिनमधून परततो. तेथे गंज वा ग्रीस आले की दिवे लुकलुकतात. वायरी चॅनेलच्या आतल्या अंगाने, वरच्या कडेला पाइपमधून न्याव्यात. पाइपच्या सर्वांत खालच्या ठिकाणी पाणी निथळण्यासाठी छिद्र ठेवावे आणि लोखंडातून वायर जाते तेथे रबरी ग्रोमेट बसवावे. वायरींचे रंग सर्व कंपन्यांचे सारखे नसतात. सात पिनांच्या सॉकेटमध्ये जोडण्यापूर्वी प्रत्येक वायर दिव्याशी पडताळावी. ड्रॉबारपाशी पूर्ण वळणाला पुरेल एवढीच ढील ठेवावी. ती कमी पडली तर वायर तुटते आणि जास्त झाली तर जमिनीवर घासते.

उसाचे शेंडे मागे लोंबत असतील, तर चांगला दिवाही झाकला जातो. अशा वेळी लांब वायरीची, दिवे व लाल रिफ्लेक्टर असलेली सुटी पट्टी भाराच्या टोकाला टांगणे हा स्वस्त उपाय आहे. ट्रेलरच्या मागे दोन्ही बाजूंना लाल रिफ्लेक्टर लावणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये बंधनकारक आहे.

निघण्यापूर्वी एकाने मागे उभे राहावे, चालकाने मागचे दिवे व इंडिकेटर लावून ब्रेक दाबावा. ब्रेक दाबताच इतर दिवे मंदावले, तर आधी अर्थची वायर तपासावी.